अक्कांचा आवाज कुठे गेला

अक्कांचा आवाज देवघरात भरायचा ठरला, कारण त्या घरात तेवढी एकच खोली अशी होती जिथे यशवंतपूरच्या मालगाड्या ऐकू येत नसत. देवघराला खिडकी नव्हती. आत दोन माणसं आणि देव मावत. तिसरं माणूस आलं की देवांना जरा सरकून घ्यावं लागे.

अक्का म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. त्या आणि त्यांचे यजमान खाली राहतात, मी वरच्या मजल्यावर भाड्याने. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते आणि यजमानांना अण्णा, म्हणून मीही तेच म्हणते. अक्कांच्या घशात गाठ निघाली. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. हॉस्पिटलातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी मात्र एक तोड सुचवली. ऑपरेशनच्या आधी रोजच्या बोलण्यातली वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायची. पुढे टॅबलेटवर बोट ठेवलं की ते वाक्य ज्याच्या-त्याच्या आवाजात ऐकू येणार.

बाजारात तयार आवाजही मिळतात. एक मराठी आवाज अक्कांच्या भाच्याने डाउनलोड करून ऐकवला. तो आवाज अत्यंत शुद्ध होता. "कृपया मला पाणी द्यावे," असं त्याने सांगितल्यावर अक्का दचकून माझ्याकडे वळल्या.

"ही कोण गं? बातम्या देणारी?"

"यंत्राचा आवाज आहे, अक्का. हा तुमच्यासाठी बोलेल."

"ही बया माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून अण्णांना हाक मारणार? साकु, पुरे. बंद कर. अण्णा घाबरून पाणी द्यायचे तिला."

अक्कांचं घराणं मराठी आहे, पण माझ्यासारखं पुण्याहून नोकरीला आलेलं नाही. त्यांचे लोक काही शतकांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे बेंगळुरूला आले आणि राहिले. समाजाच्या कार्यक्रमात या गोष्टीवर भाषणं होतात, शाली पांघरल्या जातात, आणि प्रत्येक वक्त्याचा पूर्वज घोड्यावर बसलेला असतो. अक्कांचं मत वेगळं. "आमचे पूर्वज तोफेच्या मागून पातेली घेऊन चालत असतील. सगळेच घोड्यावर असते तर भात कुणी शिजवला?" त्यांना कुणी मूळ गाव विचारलं तर त्या हात लांब करून रेल्वेच्या रुळांकडे दाखवत आणि म्हणत, "त्या बाजूला होतं, मग लग्न झालं, या बाजूला आले."

घरात ते मराठी बोलतात, पण शिकले सगळे कन्नड शाळेत. त्यामुळे अक्का मराठी लिहितात ते कन्नड अक्षरांत. हे मला बरेच दिवस ठाऊकच नव्हतं, कारण त्यांनी मला कधी चिठ्ठी लिहिली नाही. त्या जिन्याच्या तळाशी उभ्या राहून वर बोलत. दूध आलंय, पाणी येणार नाही, तुझी चादर पडली, तू पडली नाहीस ना. मला कन्नड ऐकून समजतं, वाचताना मात्र बसचा नंबर तेवढा कळतो. म्हणजे आवाज गेल्यावर त्या पाटीवर काय लिहितील ते अण्णांना कळणार होतं, भाच्याला कळणार होतं, आणि मला मात्र ते सुंदर गोल गोल नक्षीकाम दिसणार होतं. त्यांच्यात आणि माझ्यात जो काही रस्ता होता तो तोंडीच होता.

भाच्याबद्दल आता सांगायला हवं. तो अक्कांच्या बहिणीचा मुलगा, कॉलेजपासून अक्कांच्याच घरी वाढलेला, आता एचएसआर लेआउटमध्ये एका स्टार्टअपमध्ये आहे. त्याचं पद इतकं लांब आहे की कार्डावर ते दोन ओळींत छापावं लागलं. त्याची कंपनी मानवी नात्यांची पुनर्रचना करते, असं तो सांगतो. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की लोकांना वाढदिवसाची आठवण करून देणारं ॲप आहे. पण मुलगा लाखात एक. मावशीचं ऑपरेशन ठरल्यापासून तो रोज संध्याकाळी एचएसआरहून यशवंतपूरला येत होता, आणि बेंगळुरूत शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज जाणं ही तपश्चर्याच आहे.

त्याने या कामाला 'प्रोजेक्ट स्वरगंगा' असं नाव दिलं आणि पहिल्याच दिवशी एक बोधचिन्ह तयार केलं. निळी लाट आणि तिच्यावर वीणा. अण्णांनी चष्मा वर करून ते बराच वेळ पाहिलं.

"वीणा कशाला?" ते म्हणाले. "ती बोलते तेव्हा वीणेसारखं वाटतं, असं तुला कुणी सांगितलं?"

"अण्णा, ब्रँडिंग आहे ते."

"हौदा? असं का? मग प्रेशर कुकर काढ."

काम तसं सोपं होतं. अक्का देवघरात बसून फोनमध्ये बोलणार. फोनमधलं रेकॉर्डिंग हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर जाणार. तिथे भाच्याने लिहिलेला एक छोटा प्रोग्राम सतत चालू असणार. बोलणं जिथे थांबतं तिथे कापून तो एकेक वाक्य वेगळं करणार, 'आवाज' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवणार आणि मूळ लांबलचक रेकॉर्डिंग फोनवरून आणि कॉम्प्युटरवरून पुसून टाकणार. पुसणं भाग होतं, कारण अक्कांच्या फोनमध्ये जागा नव्हती. तो गुलाबाच्या फुलांनी आणि सुप्रभातांनी गच्च भरला होता, आणि ते पुसायला त्यांची सक्त मनाई होती. "कुणीतरी सकाळी उठून आठवणीनं पाठवलंय. कचरा कसा म्हणतोस?"

वाचा-उपचाराच्या बाईंनी नमुन्याची वाक्यं दिली होती. मला भूक लागली आहे. मला वेदना होत आहेत. दिवा बंद करा. अक्कांनी ती वाक्यं एकदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "हे दुखणाईताचं बोलणं आहे. माझं कुठंय?" आणि मग त्या आपलं बोलणं बोलायला बसल्या. आम्ही दोघं आळीपाळीने त्यांच्यासमोर बसायचो, फोन धरून.

माणूस दिवसभरात काय बोलतो हे मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट ऐकलं. भाजीवाल्याला म्हणायचं एक वाक्य कन्नडमध्ये होतं, त्याचा अर्थ एवढाच की ही भेंडी तुझ्या वयाची आहे. मांजराला हाकलायचं एक, बोलवायचं एक. भाच्यासाठी "जेवलास का?" आणि लगेच त्याला जोडून "खोटं बोलू नकोस". माझ्यासाठी जिन्यातली सगळी वाक्यं त्यांनी देवघरात बसूनही मान वर करून, जिन्याच्याच पट्टीत म्हटली. देव हादरले असतील. "नाही" हा एक शब्द त्यांनी किती तऱ्हांनी म्हटला ते मी मोजलं नाही. खरं नाही, लटकं नाही, 'आत्ता नाही पण नंतर विचार'वालं नाही. भाचा म्हणाला, "अक्का, एक नाही पुरेल." त्या म्हणाल्या, "तुझं लग्न झालेलं नाही."

हसणं मात्र जमेना. ठरवून हसायला गेल्या की खोकला यायचा. भाच्याने फोनवर शोधून शोधून विनोद सांगितले, त्या निर्विकार. शेवटी तो चिडून उठला आणि त्याचं डोकं देवघराच्या चौकटीवर आपटलं, तेव्हा त्या हसल्या. रेकॉर्डिंग चालूच होतं.

मधल्या रविवारी सकाळी भाच्याने नातेवाइकांना व्हिडिओ कॉलवर बोलावून स्वरगंगेचं उद्घाटन केलं. त्याच्या कंपनीत रीत अशी की कुठलीही गोष्ट लोकांना दाखवायच्या आधी जुनं सगळं हटवायचं आणि तेच नाव देऊन कोरं करकरीत पुन्हा मांडायचं. त्याला ते 'डेमो' म्हणतात. त्याप्रमाणे त्याने सकाळी एक नवा फोल्डर मांडला, त्यात निळी लाट लावली, चाचणीची दोन-तीन वाक्यं टाकली आणि हुबळीपासून ह्यूस्टनपर्यंतच्या आप्तांना ती ऐकवली. अक्का टाळ्या ऐकून घेत सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. कुणीतरी पलीकडून म्हणालं, दोन शब्द बोला. त्या म्हणाल्या, "आता जपून वापरायचेत."

उद्घाटनानंतरही देवघरातलं काम ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत चाललं, आणि खरं तर अक्कांना सूर सापडला तो त्यानंतरच. शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हाला दोघांनाही बाहेर काढलं, फोन आपल्या हातात घेतला आणि एकट्या बोलत बसल्या. बाहेर आल्या तेव्हा आवाज बसला होता. "सरी," एवढंच म्हणाल्या. झालं या अर्थी.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर समाधानी होते. अक्का हॉस्पिटलमध्ये, गळ्याला पट्टी, हातात पाटी. अण्णा सकाळ-संध्याकाळ जात-येत होते. चौथ्या की पाचव्या दिवशी वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितलं की टॅबलेट घेऊन या, सवय लवकर झालेली बरी. तो शनिवार होता. दुपारी जेवून भाचा टॅबलेट जोडून कॉम्प्युटरसमोर बसला, मी चहा घेऊन खाली गेले. चार वाजता भेटीची वेळ होती.

त्याने 'स्वरगंगा' उघडलं, त्यातलं 'आवाज' उघडलं. तिथे उद्घाटनाची दोन-तीन वाक्यं होती. "हॅलो, हॅलो." "ऐकू येतंय का?" आणि "हे चालू आहे की बंद?"

बाकी काही नव्हतं.

फोल्डर बंद करून त्याने पुन्हा उघडला, जसं आपण रिकामा डबा झाकण लावून पुन्हा उघडून पाहतो. मग फोन पाहिला. फोनमध्ये गुलाब होते. कॉम्प्युटरवर शोध घेतला. शोधाने इमानदारीत सांगितलं की काही सापडलं नाही. प्रोग्राम मात्र काळ्या खिडकीत चालूच होता, आणि त्याच खिडकीत त्याने केलेल्या कामाची नोंद ओळीने दिसत होती: वाक्य ठेवलं, वाक्य ठेवलं, मूळ पुसलं.

"ताई," भाचा म्हणाला, "हा तर ठेवलंय म्हणतोय. कुठे ठेवलंय?"

आता पुन्हा रेकॉर्ड करू असं म्हणायची सोय उरली नव्हती. जगात त्या आवाजाची जी काही शिल्लक होती ती या डबड्यात कुठेतरी होती, किंवा नव्हती.

नेमके अण्णा आतून शर्टाची बटणं लावत आले. "भरलं का? ती काल पाटीवर लिहून विचारत होती, माझा आवाज कधी आणणार."

"भरतोय, अण्णा," भाचा वळून न बघता म्हणाला.

"स्वल्प लवकर भर. बस मिळायला पाहिजे." अण्णा चपला शोधायला गेले.

भाचा हळू आवाजात म्हणाला, "कुणी सांगायचं तिला?" मग एकदम कामाला लागला, घाबरलेली माणसं लागतात तसा. पुसलेलं परत आणणारं एक सॉफ्टवेअर असतं, ते उतरवायला घेतलं. कॉम्प्युटर म्हणाला, जागा अपुरी आहे, कचरापेटी रिकामी करू का? "कर बाबा," असं म्हणत भाच्याने माउस त्या बटणावर नेला. "जुना पसारा आहे त्यात."

"थांब," मी म्हटलं. "आधी याला विचार की हा कुठे उभा आहे."

"कोण?"

"प्रोग्राम."

मी पोटासाठी सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिते. कुणी वाचत नाही अशा गद्याचा माझ्याइतका अनुभव फार थोड्या लेखकांना असेल. त्या पुस्तिकांत हा मुद्दा मी कितीतरी वेळा लिहिला आहे. प्रत्येक चालू प्रोग्राम कुठल्या तरी एका फोल्डरमध्ये उभा राहून काम करतो. त्याला नुसतं "आवाज नावाच्या फोल्डरमध्ये ठेव" म्हटलं, पूर्ण पत्ता दिला नाही, तर तो आपण उभे आहोत तिथला 'आवाज' धरतो. आपण कुणाला "शेजारून कोथिंबीर आण" म्हणतो तेव्हा कुणाच्या शेजारून हे सांगत नाही, तसंच. म्हणून प्रोग्राम कुठे उभा आहे हे विचारायची सोय प्रत्येक भाषेत असते. भाच्याच्या भाषेत ती एका ओळीची आहे.

"तो स्वरगंगात आहे, ताई. हे बघा, वर लिहिलंय." खिडकीच्या कपाळावर खरंच 'स्वरगंगा' असं लिहिलेलं होतं.

"ती पाटी झाली. पाटी सुरुवातीला लावलेली असते. त्याला स्वतःला विचार."

सुदैवाने त्याने प्रोग्राम असा चालवला होता की तो मागे आपलं काम करत राही आणि त्याच खिडकीत त्याला प्रश्न विचारता येत. भाच्याने माउस सोडला. बोटं कीबोर्डवर नेली आणि तो एका ओळीचा प्रश्न टाइप केला.

उत्तर लगेच आलं. एक लांब पत्ता. आम्ही दोघांनी तो डावीकडून उजवीकडे वाचत नेला. घर, त्यात भाच्याचं नाव, त्यात लपवलेला एक कप्पा, आणि त्यात, शेवटाच्या जरा अलीकडे: कचरापेटी. प्रोग्राम कचरापेटीत उभा होता.

मी माउस हातात घेऊन त्या बटणापासून लांब नेला. कुणाचा तरी हात धरून कड्यापासून मागे ओढावं तसा.

झालं होतं ते आता समोर दिसत होतं. उद्घाटनाच्या सकाळी भाच्याने जुना 'स्वरगंगा' फोल्डर उचलून कचऱ्यात टाकला होता आणि त्याच नावाचा नवा मांडला होता. पण प्रोग्राम आदल्या आठवड्यापासून जुन्या फोल्डरमध्ये उभा होता, आणि तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या पायाखालची खोली उचलून उकिरड्यावर नेली तरी तो खोलीतून पडला नाही. खोलीबरोबर गेला. आणि तिथे उभा राहून, आम्ही देवघरातून पाठवलेलं एकेक वाक्य नीट कापून, शेजारच्या 'आवाज'मध्ये ठेवत राहिला. कॉम्प्युटरचा शोध उकिरड्यात डोकावत नसतो.

हे समजलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि तसा काटा येण्याची मला सवय नाही. ज्या गोष्टीवर मी 'सध्याची कार्यनिर्देशिका' असा एक मुडदूस झालेला शब्द योजून परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले होते, ती गोष्ट अशी आहे हे मला त्या शनिवारी, थंड होत चाललेल्या चहासमोर दिसलं. प्रोग्राम नाव धरून ठेवत नाही. तो जागा धरून ठेवतो. नाव बदला, हलवा, त्याच नावाचा दुसरा थाटामाटात उभा करा, त्याला त्याचं काही नाही.

आणि तो पत्ता सांगतो कसा, हे तर आणखी अचंब्याचं आहे. कुठल्याही फोल्डरला स्वतःचं नाव ठाऊक नसतं. त्याच्याजवळ असतो एक आकडा, आणि आपला आईबाप फोल्डर कोणता याची खूण. नाव असतं ते त्या आईबापाकडे. तेव्हा पत्ता विचारला की जुन्या रीतीप्रमाणे एक पायरी वर जायचं आणि तिथे विचारायचं, या आकड्याचं तुझं लेकरू कोणतं, त्याला तू काय म्हणतेस? ते नाव घ्यायचं, आणखी एक पायरी वर जायचं, तिथे पुन्हा तोच प्रश्न. असं चढत चढत जाऊन शेवटी अशा जागी पोचायचं, जिचा आईबाप ती स्वतःच आहे. तिथे कळतं की आता वर काही नाही. मग गोळा केलेली नावं उलट्या क्रमाने मांडायची, तोच पत्ता. आताची यंत्रं हे आतल्या आत, डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतात. पण प्रश्नाचं स्वरूप तेच. आपण कुठे आहोत हे आपल्याजवळ नसतंच. ते वर चढून विचारावं लागतं, आणि दर वेळी नव्याने विचारावं लागतं, कारण मधल्या काळात कुणीतरी घर हलवलेलं असू शकतं.

सृष्टीच्या रचनेबद्दल मी बरंच वाचलं आहे, आणि त्यातलं पुष्कळसं भारदस्त निघालं. हे कुणीतरी कामापुरतं, फायली सापडाव्यात म्हणून लिहिलं. लिहिताना त्याच्या कपाळावर गंध नव्हतं.

"ताई, उघडू?" भाचा विचारत होता.

"उघड. काही ओढू नकोस, काही हलवू नकोस. आधी प्रत काढ."

त्याने कचरापेटी उघडली. जुना 'स्वरगंगा', त्यात 'आवाज', आणि त्यात खाली खाली सरकत जाणारी वाक्यांची रांग. त्याने अंदाजाने एकावर बोट ठेवलं.

कॉम्प्युटरमधून अक्का म्हणाल्या, "चादर पडली गं तुझी! तू पडली नाहीस ना?"

इतक्या खणखणीत, की मी वर जिन्याकडे पाहिलं. भाच्याने दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं. खोलीच्या दारात अण्णा एका पायात चप्पल घालून उभे होते.

"चला," ते म्हणाले. "बस जाईल."

बस गेलीच. आम्ही ऑटो केली. वाटेत भाचा टॅबलेट दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसला होता, खड्डा आला की तो स्वतः आधी उडत होता आणि टॅबलेट तसाच राहत होता. प्रती त्याने तीन ठिकाणी काढल्या होत्या आणि तो मला सांगत होता की पूर्ण पत्ता द्यायला हवा होता, पूर्ण पत्ता. अण्णांनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

"कुठं सापडला म्हणालास?"

"कचरापेटीत, अण्णा."

फ्लायओव्हरच्या सावलीत ऑटो थांबून होती, पुढे सगळं तुंबलेलं. "तिला सांगू नकोस," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नाहीतर सांग. तिला आवडेल. पण घरी आल्यावर."

अक्का उशांना टेकून बसल्या होत्या. वॉर्डमध्ये सहा-सात खाटा, प्रत्येकीभोवती नातेवाईक, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हलका कलकलाट. आम्हाला पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. भाच्याने टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि कसं चालवायचं ते दाखवू लागला, तेव्हा त्यांनी त्याचा हात बाजूला केला. वाक्यांच्या सुरुवातीचे शब्द कन्नड अक्षरांत पडद्यावर होते. त्या चष्मा लावून वाचत गेल्या. वर, खाली, पुन्हा वर. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. हे सगळं आहे ना, एवढंच पाहत असाव्यात. दागिने लॉकरमधून काढल्यावर पाहतात तसं.

मला वाटलं होतं पहिलं वाक्य भाच्यासाठी असेल. भाच्यालाही वाटलं असावं, कारण तो खाटेच्या अगदी जवळ सरकला होता. मनातल्या मनात मी स्वतःलाही उमेदवार धरलं होतं. अण्णा खाटेच्या पायथ्याशी पिशवी हातात धरून उभे होते. चार-पाच दिवस ते असेच उभे राहत होते, हे मला तेव्हा कळलं. भेटायला येणाऱ्यांसाठी स्टुलं कमी होती, आणि अण्णा कुणाकडे काही मागणाऱ्यांपैकी नव्हेत.

अक्कांचं बोट एका जागी थांबलं. त्यांनी मान वळवून नर्सच्या टेबलाकडे पाहिलं, आवाज मोठा केला आणि बोट टेकवलं.

"सिस्टर! इवरिगे ओंदु कुर्ची कोडी."

यांना एक खुर्ची द्या. देवघरात एकट्या बसून, दार लावून, शेवटच्या दिवशी, बसत चाललेल्या आवाजात त्यांनी हे भरून ठेवलं होतं. ऑपरेशनच्या आधीच. ही खाट, हा पायथा, हा पिशवी धरून उभा असलेला माणूस, सगळं पाहून ठेवलं होतं.

सिस्टरने वर पाहिलं, आवाज कुणाचा ते शोधलं, अक्कांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. मग उठून तिने आपलीच खुर्ची उचलली आणि आणून ठेवली.

अण्णा "बेडा, बेडा" असं पुटपुटले. नको, नको. अक्कांनी बोट त्याच जागी पुन्हा टेकवलं, आणि तेच वाक्य पुन्हा, त्याच पट्टीत, सगळ्या वॉर्डला ऐकू गेलं.

अण्णा बसले.